कच्च्या काचेच्या बांगड्या

भर दुपारी गल्ली गोळा करून मी आमच्या कासारीण मावशीला चोर म्हणून पकडून दिलं.

यात समजुतीचा घोटाळा वगैरे काही नव्हता, निव्वळ मूर्खपणा होता. माझ्या नावावर असे बरेच मूर्खपणे जमा आहेत, पण बाकीच्यांत फार तर माझी फजिती झाली. यात दोन लेकरांच्या तोंडचा घास गेला. तो कसा गेला हे सांगण्याआधी मावशी सांगितली पाहिजे, कारण ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती चोर वाटणं शक्य आहे. मी तर तिला वीस-बावीस वर्षं रोज पाहत होतो.

मावशी चिखलीत आमच्याच गल्लीत राहायची. खांद्याला बांगड्यांची पेटी, हातावर बांगड्यांच्या माळा, आणि चाल अशी की माळा वाजण्याआधी तिचा आवाज पोचायचा. कोणी भेटलं की "कसे आहात" विचारण्याची तिची पद्धत नव्हती. ती म्हणायची, "हात दे आधी." मग समोरची बाई नवी नवरी असो की बँकेतल्या साहेबांची बायको, मावशी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, बोटं दाबायची, मनगट फिरवायची, आणि मगच गोष्टींना सुरुवात व्हायची. "काय वो, माहेरी भांडण करून आली काय? हात कसा लाकडासारखा धरला!" बाई चकित व्हायची. बहुतेक वेळा भांडण झालेलंही असायचं.

बांगडी भरताना एक अवघड जागा येते. अंगठ्याच्या बुडाशी बांगडी अडते, बाई ओठ चावते, हात आखडते आणि बांगडी तडकते. मावशी नेमकी त्या वेळी काहीतरी विचारायची. "सासू काय म्हणते?" बाई सासूबद्दल बोलायला तोंड उघडायची, हात सैल पडायचा आणि बांगडी आत. "तुया सासूचे लय उपकार आहेत माह्या धंद्यावर," असं मावशी म्हणायची.

एकदा तिने माझाही हात धरला. मी एसटी डेपोत कंट्रोलर होतो. आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्या. मावशीने माझा तळवा उलटा-पालटा करून पाहिला आणि आमच्या सौभाग्यवतीला म्हणाली, "बाई, हे तं नुसती उशी आहे. याच्यानं काय काम होत असन वो?" सौभाग्यवतीने त्या दिवशी एरवीपेक्षा दोन बांगड्या जास्त भरून घेतल्या.

माझ्या घराला लागून एक भाड्याचं घर आहे. तिथे जेसीबीवर ड्रायव्हर असलेला एक तरुण माणूस राहायला आला. सोबत बायको आणि दोन लेकरं: सोनी आठेक वर्षांची, गोलू तिच्याहून लहान. नाव गोलू, पण अंगाने काडी. वर्षभरात नवरा-बायकोचं बिनसलं. बायको माहेरी गेली, ती परत आलीच नाही. लेकरं बापाकडे राहिली.

शाळा नसली की तो सकाळी कामावर निघताना लेकरांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. चावी शर्टाच्या खिशात. कुठे शेततळं, कुठे विहीर, तिन्हीसांजेला परत. शाळा चालू होती तोवर कोणाला काही वाटलं नाही. लेकरं शाळेत जायची, तिथली खिचडी खायची, घरी आली की दारात बसायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि दिवसभर ते कुलूप दिसायला लागलं.

खिडकीच्या गजांना धरून दोघं उभी असायची. मला वाईट वाटायचं. मग मी काय करायचो, तर ओट्यावर उभा राहून त्यांच्यासाठी गाड्या पुकारायचो. "चिखलीहून सुटणारी, सोनी-गोलू यांची खास गाडी, मेहकरमार्गे मामाच्या गावाला..." लेकरं खिदळायची. गोलू तर आतून घंटी मारायचा, टिंग टिंग. मला वाटायचं, बघा, आपण शेजारधर्म पाळतोय.

मावशी एक दिवस तिथे थांबली. म्हणाली, "कंट्रोलरभाऊ, तुमच्या गाडीत जेवन भेटते काय?"

मी म्हणालो, "अहो, त्यांचा बाप डबा ठेवून जातो."

"हाव. ठेवते. सकाळचं वरण अन् पोळ्या, पत्र्याच्या घरात, या उन्हात. दुपारी झाकण उघडून पाहा एखाद्या दिवशी."

मग ती खिडकीशी गेली. "सोने, हात दे आधी." पोरीने गजांतून हात बाहेर काढला. दिवाळीत मावशीनेच तिला बांगड्या भरल्या होत्या. त्याच मापाची एक बांगडी तिने पेटीतून काढली आणि पोरीच्या बोटांवर ठेवली. कुठे अडली नाही. मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेली. पोरगी हसली, तिला गंमत वाटली. मावशीने ती बांगडी तशीच हळू काढून घेतली आणि कितीतरी वेळ पेटीचं झाकण लावत बसली.

आमच्या ओट्यावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "लेकराचं माप दिवाळी ते उन्हाळा मोठं व्हायले पाह्यजे. मले लहान माप शोधा लागते आता."

तेव्हा मी ठरवलं की आपण काहीतरी करायचं. आता माझं करणं ऐका.

पहिल्यांदा मी त्या बापाशी बोलायला गेलो. संध्याकाळी, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः चहा केला. लेकरं त्याच्या अंगाखांद्यावर होती. येताना त्याने त्यांच्यासाठी कुल्फी आणली होती, ती वितळून गोलूच्या कोपरावरून गळत होती आणि बाप आपल्या रुमालाने पुसत होता. मी विषयाला हात घातला. "पोरं दिवसभर कोंडलेली असतात..."

"काका," तो म्हणाला, "याईचे मामा टपून बसले आहेत. एकदा जीप घेऊन आले होते. मी कामावर असताना उचलून नेले तं कोणाले मागू मी माहे लेकरं? कुलूप शौक म्हणून नाही लावत."

यावर मी जेसीबीबद्दल विचारलं. मग तो खुलला. बकेट, हायड्रॉलिक, कुठल्या मातीत किती जोर लागतो. मी दोन कप चहा पिऊन, जेसीबीची बरीच माहिती घेऊन घरी आलो. सौभाग्यवतीने विचारलं, "बोलले काय?" मी म्हणालो, "माणूस चांगला आहे." हे खरंच होतं, आणि अडचण तीच होती. वाईट असता तर गल्लीने त्याला धरून विचारलं असतं.

दुसऱ्यांदा मी फोन केला. अडचणीतल्या लेकरांसाठी सरकारचा एक नंबर असतो. पलीकडून एक मुलगी फार गोड आवाजात बोलली. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुमचं नाव काय, काका?" आणि मला एकदम जीप, मामा, पोलीस, रुमालाने कुल्फी पुसणारा बाप, सगळं दिसायला लागलं. लेकरं कुठल्या तरी सरकारी घरात गेली आणि बाप कुठे रडत बसला तर? मी "राँग नंबर" म्हणालो आणि फोन ठेवला. फोन मीच लावला होता.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "शाळा उघडंपर्यंत टिकले पाह्यजे ते," ती म्हणाली. "शाळा उघडली की खिचडी भेटते, मास्तरीण पाहते. तवापर्यंतच पाहा लागते." आणि मग हा विषय तिने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. मला वाटलं, तिनेही हात टेकले.

आता ती दुपार.

ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडली होती. मी मागच्या अंगणात तोंडावर पाणी मारायला गेलो. चष्मा घरात. आमच्या घरामागे एक बोळ आहे, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. मला दिसलं की शेजारच्या मागच्या खिडकीशी, उपड्या घमेल्यावर कोणीतरी चढलंय. डोक्यावरून फडकं घेतलंय आणि खांद्यापर्यंत हात गजांच्या आत घातलाय. आत लेकरं एकटी!

मी ओरडलो. नुसता "चोर" म्हणून ओरडलो असतो तर फार तर दोन घरं आली असती. पण जन्माची सवय. तोंडातून निघालं, "सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावे! मागच्या बोळीत चोर उभा आहे! मागच्या बोळीत, चोर!"

सगळी गल्ली आली. कोणी काठी घेऊन, कोणी लाटणं घेऊन. चोर पळू शकत नव्हता, कारण चोराच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या आणि त्या गजांत अडकल्या होत्या. डोक्यावरचं फडकं घसरलं. मावशी.

आत गोलू गूळ-तूप लावलेल्या पोळीची सुरळी धरून उभा होता. अर्धी तोंडात. इतक्या माणसांना पाहून त्याने ती पाठीमागे लपवली.

मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "वा कंट्रोलरभाऊ," ती म्हणाली, "नोकरीत एक गाडी कधी वेळेवर सोडली नाही, आज मातर बराबर टायमावर आले."

लोक हसले. मीही हसलो. पुढे काय होणार हे हसताना माझ्या ध्यानात आलं नाही. मावशीच्या मात्र आलं होतं, ती हसत नव्हती. गल्लीत ज्या गोष्टीला पन्नास साक्षीदार असतात ती तिन्हीसांजेपर्यंत लपत नाही. शिवाय मावशी सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी हेच करत होती, हेही तिथेच सगळ्यांना कळलं. मला तिने का सांगितलं नव्हतं, हे मी कोणाला विचारलं नाही.

संध्याकाळी लेकरांचा बाप मावशीच्या ओट्यापाशी आला. चपला खाली काढल्या, हात जोडले. भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, तुमचे उपकार आहेत. पण माहे लेकरं भिकारी नाहीत."

"भिकारी कोण म्हणते बापा? भुकेली आहेत."

"डबा ठेवतो मी."

"आंबते तो. तुले सांगत नाहीत ते. बाप नाराज होईन म्हणून फेकून देतात मोरीत."

तो चपलांकडे वळला. मावशी म्हणाली, "दिवसभर माह्याजवळ ठेव. कुलूप माह्या दाराले लाव पाह्यजे तं. मले बी कोंड त्याईच्या संगं."

"सगळ्या गल्लीनं पाह्यलं, मावशी," तो म्हणाला. "आज हे पाह्यलं, उद्या मामाच्या गावापर्यंत जाईन. बापाच्या घरी लेकरं उपाशी राहतात, म्हणतीन. मंग कोर्टात काय सांगू मी?" आणि चपला घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी त्याने मागच्या खिडकीला पत्रा ठोकला. मी अंगणात उभा राहून खिळ्यांचे आवाज ऐकले. त्या घराला वारा यायचा तो त्याच खिडकीतून.

तुम्हाला वाटेल, आता मावशी हरली. मलाही वाटलं. पण आमच्याकडे दारात आलेल्या कासारणीला रिकामं परत पाठवत नाहीत. घरात लेकीबाळी असतील तर निदान दोन बांगड्या तरी भरून घ्यायच्या. नाही म्हणणं अशुभ. मावशी दोन दिवसांनी संध्याकाळी, बाप घरी असताना, सरळ समोरच्या दाराशी जाऊन पेटी उघडून बसली. "कासारीण आली आहे. लेकीचा हात दे." तो काय म्हणणार? त्याने सोनीला पुढे केलं.

एक बांगडी भरायला मावशीला एरवी श्वासभर वेळ लागायचा. त्या दिवशी चार बांगड्यांना तिने पाऊण संध्याकाळ लावली. ही नको, ती पाहा, हा रंग हिला उठत नाही. बोलता बोलता पदराच्या गाठी सुटत होत्या. शेंगदाण्याचा लाडू, खारीक, उकडलेलं अंडं. लेकरं खात होती, बाप उंबऱ्यावर उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. पाहायचंच नाही असं ठरवून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी त्या बांगड्या फुटल्या. मावशी पुन्हा हजर. "फुटक्या हातानं लेकरू ठेवत नाहीत बापा." परत चार बांगड्या, परत पाऊण संध्याकाळ. दोन दिवसांनी त्याही फुटल्या. मला शंका आली. मी तिला विचारलं, "मावशी, तुमचा माल असा कसा निघतोय?"

ती म्हणाली, "कच्च्या काचेच्या आहेत. भट्टीत नीट भाजलेल्या नाहीत, नुसतं वारं लागलं तरी तडकतात. व्यापारी फेकून देते, मी मागून आणल्या." आयुष्यभर तिने कधी हलका माल कोणाच्या हातात घातला नव्हता. त्या लेकीच्या हातात मात्र निवडून निवडून घालत होती. काच लेकराला रुतू नये म्हणून ती कडा आपल्या गालावर फिरवून पाहायची.

पंधरा-वीस दिवस असं चाललं. बापाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. एका संध्याकाळी मावशी पेटी घेऊन गेली, तेव्हा सोनीच्या हातात झगझगीत प्लास्टिकच्या बांगड्या होत्या. त्याने बाजारातून आणल्या होत्या. "ह्या फुटत नाहीत, मावशी," तो म्हणाला. अगदी हळू, नजर चुकवून.

मावशीने सोनीचा हात हातात घेतला. सवयीने बोटं दाबली, मनगट फिरवलं. "शोभतात," म्हणाली. आणि पेटी न उघडता परत आली.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता. मावशी दिवस मोजत नव्हती, पण शाळेच्या फाटकावरून येताना आत डोकावून यायची, झाडलोट सुरू झाली का पाहायला. मला म्हणाली, "आता निभावलं, कंट्रोलरभाऊ. इतलं तं निभावलं."

मग एक सकाळ अशी आली की शेजारून काहीच आवाज आला नाही. कुलूप होतं, पण ते रोजच असायचं. दुपार झाली. मी ओट्यावरून गाडी पुकारून पाहिली, आतून घंटी वाजली नाही. खिडकी आतून बंद. मावशी बोळीतून जाऊन पत्रा वाजवायला लागली. "सोने... ए गोलू... अरे, हूं तं म्हणा." पत्रा इतका तापला होता की तिला हात ठेववत नव्हता, पदर गुंडाळून वाजवत होती. पत्र्याचं घर, बंद खिडक्या, वर हे ऊन. मी घरातून लोखंडी सब्बल आणली आणि कुलूप तोडलं. ह्या हातांनी. उशीसारख्या.

आत कोणी नव्हतं.

जमीन झाडलेली होती. भिंतीवरचे खिळे रिकामे. पाऊस जवळ आला की इकडची खोदकामं थांबतात, तो लेकरांना घेऊन दुसरीकडे कुठे कामावर गेला होता. पहाटे केव्हा गेला कोणाला कळलं नाही. कुणी गुजरात म्हणालं, कुणी कुठल्या धरणाचं नाव घेतलं. त्याचा फोन लागला नाही, पुढेही कधी लागला नाही. घरमालकाला नवं कुलूप मी आणून दिलं.

मावशी सगळ्यांत शेवटी आत आली. ती कोपऱ्यातल्या चुलीशी गेली, ओट्यावर हात फिरवला, फळी पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तवा नेला आहे. पोळपाट बी नेला. म्हणजे शिजवाचा विचार आहे त्याचा." आणि थोड्या वेळाने, जणू मीच नाही म्हणत होतो, "नसता विचार तं कायले नेला असता पोळपाट? सांगा ना."

मी म्हणालो, "बरोबर आहे, मावशी." दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर तिचं बाजार करणं वाढलं. पूर्वी ती चिखलीच्या आसपासच फिरायची, आता पार मोताळ्याच्या आठवडी बाजारापर्यंत जायला लागली. गुडघे धरायचे, एसटीची पायरी चढताना कंडक्टरचा हात लागायचा. मी एकदा कामानिमित्त मोताळ्याला गेलो होतो, तेव्हा ती बाजारात दिसली. फडकं अंथरून बसली होती. सोनीच्या वयाची एक पोरगी आईसोबत आली. मावशीने तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. माप घेणं नाही, रंग दाखवणं नाही. पोरीच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी आई म्हणाली, "आजी, भरता ना बांगड्या?" मावशी भानावर आली. चांगल्या पक्क्या काचेच्या भरल्या. मी गर्दीतून तसाच मागे फिरलो. हाक मारून काय बोलणार होतो?

पुढच्या थंडीत तिची लेक तिला देऊळगाव राजाला घेऊन गेली. तिकडेच ती वारली. निरोप फोनवर आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

शेजारच्या घरात आता नवे भाडेकरू आहेत. नवरा कृषी केंद्रात कामाला, बायको घरी, आणि एक पोरगा, गुबगुबीत, दिवसभर गल्लीभर धावणारा. त्या घराला कुलूप लागत नाही. तरी दुपार झाली की माझे पाय तिकडे वळतात. कालही गेलो. पोरगा दारात मातीत खेळत होता. मी त्याच्या आईला विचारलं, "बाळ जेवलं काय?"

ती धुणं वाळत घालत होती. तिने हातातलं कापड झटकलं आणि म्हणाली, "जेवलं काका ते, रोज जेवते. ज्याईले विचाराचं होतं ते तं गेले. आता आमच्या पोराच्या ताटाले नजर नका लावू."